ऊन पाण्याच्या कुंडास जाण्यापूर्वीं

[आकाशवाणीवरील भाषण]

दिवाळी आटोपते, पहांटेचा गारठा अंगाला जाणवूं लागतो, आणि आमच्या घरीं एक ठराविक प्रश्न घेऊन मंडळी येऊं लागतात. मीं पस्तीस वर्षें मुलांना भूगोल शिकविला. त्यामुळें वाट विचारावयाची ती मास्तरांना, अशी गल्लींतील सर्वांची समजूत आहे. "मास्तर, आईचे गुडघे फार धरतात. तिला एकदां ऊन पाण्याच्या कुंडावर नेऊन आणावें म्हणतों. उनपदेव बरें कीं उनकेश्वर? आणि जावें कसें?" पूर्वीं मी लगेच कागद घेऊन वाटेचा नकाशा काढून देत असें. आतां तसें करीत नाहीं. आतां मी उलट विचारतों, "आईंना मधुमेह आहे का? तळपायाला स्पर्श कळतो का?" विचारणारा गोंधळतो. सहलीची चौकशी करावयास आलेल्या माणसाला हे दवाखान्यांतले प्रश्न कशाला, असें त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतें. श्रोतेहो, त्या प्रश्नांचें कारण आज सांगावयाचें आहे. मात्र तेथवर पोहोंचण्यासाठीं थोडी वाट भूगर्भांतून काढावी लागेल.

आरंभ नांवांपासून करूं. उनपदेव, उनकेश्वर, आणि कोंकणांतील उन्हाळें, उन्हेरें, उन्हवरें हीं नांवें एकापुढें एक उच्चारून पाहा. संस्कृतांतला 'उष्ण' प्राकृतांत 'उण्ह' झाला आणि मराठींत 'ऊन' म्हणून नांदूं लागला. 'ऊन ऊन भात वाढ' असें आपण म्हणतों, तोच हा शब्द. सरकारी मोजणीचे नकाशे निघण्याच्या कितीतरी आधीं आपल्या पूर्वजांनीं गांवाच्या नांवांतच तेथील पाण्याचा गुण नोंदवून ठेवला होता. मी वर्गांत मुलांना नकाशावर अशीं नांवें शोधावयास लावीत असें. एका मुलानें उठून 'उन्हाळ्याची सुटी' असें उत्तर दिलें. वर्ग हंसला, परंतु मीं त्याला पूर्ण गुण दिले, कारण शब्दाचें मूळ त्यानें अचूक धरलें होतें.

महाराष्ट्रांत अशा झऱ्यांची सर्वांत मोठी रांग कोंकणांत आहे. सह्याद्रि आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टींत, उत्तरेस पालघरच्या बाजूपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत, तीनशेहून अधिक किलोमीटर लांबींत सुमारे अठरा ठिकाणीं ऊन पाणी वर येतें. कोठें तें पस्तीस अंशांचें, म्हणजे जेमतेम कोमट असतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील उन्हवऱ्यास तें सत्तर अंशांच्या आसपास जातें. (येथें सर्वत्र सेल्सिअसचेच अंश समजावे.) आपणां मराठवाड्यांतील लोकांस मात्र दोन ठिकाणें सोयीचीं. एक, सातपुड्याच्या पायथ्याशीं चोपडें तालुक्यांत अडावदजवळचें उनपदेव. त्याच्याच परिसरांत सुनपदेव आणि निझरदेव हीं त्याचीं भावंडें आहेत. दुसरें, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांत पैनगंगेच्या कांठचें उनकेश्वर.

आतां हें पाणी तापवितें कोण? मुलांचें उत्तर ठरलेलें असे: "गुरुजी, खालीं ज्वालामुखी आहे!" उत्तर चुकीचें, पण चूक समजण्यासारखी आहे. आपला सर्व दख्खनचा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्याचाच आहे. वेरूळचें कैलास लेणें ज्या कातळांतून कोरलें, देवगिरीचा कडा ज्या कातळाचा तासला, तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वितळलेल्या रूपांत वाहत होता. परंतु एवढ्या काळांत त्याची ऊब केव्हांच निवून गेली आहे. चुलींतली राख दुसऱ्या दिवशीं हातांत घेतां येते. ही तर साडेसहा कोटी वर्षांची राख!

खरी गोष्ट अशी आहे कीं पृथ्वी आंतून मूळचीच उष्ण आहे. जमिनींत दर किलोमीटर खोलीस उष्णता साधारण पंचवीस ते तीस अंशांनीं वाढते. पावसाचें पाणी डोंगरांतील खोल भेगांतून खालीं उतरत जातें. दोन किलोमीटर खालीं गेलें तर तेथल्या खडकाच्या सहवासानें तें ऐंशी अंशांपर्यंत तापूं शकतें. मग एखादी सरळ, मोठी भेग सांपडली कीं मागील पाण्याच्या दाबानें आणि स्वतःच्या हलकेपणानें तें वर चढतें. चढतांना वाटेंत थोडें निवतें, वरच्या थंड पाण्यांत थोडें मिसळतें, आणि उरलेली ऊब घेऊन गोमुखांतून बाहेर पडतें. म्हणून असे झरे वाटेल तेथें नसतात. जेथें भूकवच खोलवर चिरलेलें आहे, तेथेंच ते ओळीनें असतात. कोंकणची पट्टी ही अशी एक चीर, आणि तापी-नर्मदेचीं खोरीं ही दुसरी. उनपदेव या दुसरीच्या कांठावर बसलेलें आहे.

पाणी खडकांतून इतका प्रवास करतें, तेव्हां वाटेंतले क्षारही बरोबर आणतें. कोठें गंधकाचा अंश वायुरूपानें येतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. आमच्या बायकांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं अशा पाण्यांत चांदीचीं जोडवीं आणि पैंजण काळे पडतात. ते घरींच काढून ठेवावे. तेथें गेल्यावर दैवी कोप झाला म्हणून घाबरूं नये.

या सर्व विवेचनांतून प्रवाशाच्या कामाची गोष्ट एकच निघते. पाणी किती ऊन असेल हें त्या झऱ्याच्या खोलीवर, मिसळणाऱ्या थंड पाण्यावर आणि आपण मुखापासून किती अंतरावर उभे आहों यावर अवलंबून असतें. एकाच देवस्थानांत गोमुखाखालीं हात ठेववत नाहीं आणि वीस पावलांवरच्या कुंडांत मुलें डुंबत असतात. पावसाळ्यानंतर एक प्रकार, चैत्रांत दुसरा. 'अमक्या ठिकाणचें पाणी सोसवतें' असें शेजाऱ्यानें सांगितलें, तर तो कोणत्या महिन्यांत गेला होता आणि कोठें बसला होता हें विचारल्याशिवाय त्या सांगण्याला अर्थ नाहीं.

उनपदेवास कथा अशी सांगतात कीं शरभंग ऋषींना त्वचेचा असाध्य रोग जडला होता. वनवासांत प्रभु रामचंद्र तेथें आले, त्यांनीं जमिनींत बाण मारला आणि ऊन पाण्याचा झरा उसळला. त्यांत स्नान करून ऋषि व्याधिमुक्त झाले. उनकेश्वरास गेलांत तर तेथेंही शरभंग ऋषि, रामाचा बाण आणि तीच व्याधि. दोन गांवांनीं एक कथा सांगावी याचें मला कधीं हंसूं आलें नाहीं. पिढ्यान् पिढ्या कातडीच्या रोगांनीं त्रासलेले लोक या दोन्ही पाण्यांकडे आले असले पाहिजेत, आणि त्यांच्या आशेला आधार म्हणून ही कथा दोन्हीकडे राहिली. आशा अगदींच निराधारही नव्हती. खरजेवर गंधकाचें मलम हा जुना आणि खरा उपाय आहे. परंतु कुष्ठरोग मात्र या पाण्यानें बरा होत नाहीं. तो औषधांच्या गोळ्यांनीं बरा होतो, सहा महिने किंवा वर्षभर नियमानें घेतल्या तर. आणि त्या रोगाचा एक धर्म असा आहे कीं हातापायांची संवेदना नाहींशी होते. ज्याला चटका कळत नाहीं अशा माणसाला आपण कढत पाण्याकडे पाठवितों! हा विरोध माझ्या ध्यानांत फार उशिरां आला, आणि तो ज्या रीतीनें आला ती आतां सांगतों.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणतों, वीस वर्षें मधुमेहाची रोगी आहे आणि तिचे गुडघे झिजलेले आहेत. २०१७ सालच्या मार्गशीर्षांत मी तिला एका प्रसिद्ध कुंडावर घेऊन गेलों. ठिकाणाचें नांव सांगत नाहीं, कारण दोष ठिकाणाचा नव्हता, माझा होता. योजना मात्र मीं अशी केली होती कीं शाळेच्या सहलीचीही तशी केली नसेल. गाडींत खालची जागा, उतरावयास तळमजल्यावरची खोली, बसावयास पाट, औषधांची डबी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कागदावर एकवीस बाबी लिहून एकेकीवर खूण केली होती.

सकाळीं कुंडावर गर्दी होती. म्हणून आक्का मुखापासून कुंडाकडे जाणाऱ्या दगडी पाटाच्या कडेला बसली, आणि तिनें लुगडें किंचित् वर घेऊन दोन्ही पाय पाण्यांत सोडले. हातांत जपमाळ होती. मीं विचारलें, "आक्का, फार कढत नाहीं ना?"

"नाहीं रे, कोमट आहे. बसूं दे जरा. बरें वाटतंय."

माझें समाधान झालें. मी पलीकडे जाऊन देवळाच्या भिंतीवरचा लेख वाचीत उभा राहिलों. दहा मिनिटांनीं ती उठली, पाय पुसले, मोजे घातले. दिवसभर तिनें कांहींएक तक्रार केली नाहीं. संध्याकाळीं खोलीवर मोजा काढला, तेव्हां त्याच्याबरोबर कातडीही आली. डाव्या पायाचीं दोन बोटें आणि टाचेची कड. आक्का आपल्याच पायाकडे परक्याच्या पायाकडे पाहावें तशी पाहत राहिली. "दुखत नाहीं रे मला," ती म्हणाली.

दुखलें असतें तर तिनें पाय काढला असता. पुढें साडेतीन महिने रोज पट्टी बांधावी लागली. बोटें राहिलीं, हें आमचें नशीब. आमच्या डॉक्टरांनीं मला शांतपणें समजावून सांगितलें कीं दीर्घकाळच्या मधुमेहानें पायांच्या मज्जातंतूंची जाणीव मंदावते. रोग्याला तें स्वतःला कळतच नाहीं, कारण न कळणें हेंच त्याचें लक्षण. मीं पाण्याविषयीं प्रश्न विचारला होता खरा, पण ज्या अवयवाला उत्तर देतां येत नव्हतें त्याला विचारला होता.

म्हणून निघण्यापूर्वीं घरीं एक परीक्षा करावी. ती डॉक्टर मंडळींनीं मान्य केलेली आहे आणि तिला कांहीं साधन लागत नाहीं. वडील माणसाला अंथरुणावर निजवावें, डोळे मिटावयास सांगावें. आपल्या बोटाचें टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला हलकेंच, क्षणभर लावावें. दाबूं नये, टोचूं नये, गुदगुली करूं नये. असें दोन्ही पायांचें. स्पर्श जाणवला कीं त्यांनीं 'डावा' किंवा 'उजवा' म्हणावें. सहांपैकीं दोन किंवा अधिक वेळां उत्तर आलें नाहीं, तर जाणीव कमी झाली आहे असें समजून आधीं डॉक्टरांकडे जावें. अशा पायांनीं झऱ्याचें पाणी प्रथम चाखूं नये, मग तें कितीही पवित्र असो.

कढतपणाचे आंकडेही ध्यानांत असूं द्यावे. साठ अंशांच्या पाण्यानें पांचेक सेकंदांत खोल भाजतें. पन्नास अंशांस त्यासाठीं कांहीं मिनिटें लागतात, आणि तेंच अधिक फसवें, कारण पन्नास अंशांत माणूस थोडा वेळ बसूं शकतो. स्नानास योग्य पाणी सदतीस ते चाळीस अंशांचें. तें मोजावें कसें? घरांतला ज्वरमापक उपयोगी नाहीं. तो बेचाळिसाच्या आसपासच थांबतो. स्वयंपाकघरांत वापरतात तो तापमापक बाजारांत सहज मिळतो, तो न्यावा. तोही नसेल तर आपल्या आयांनीं तान्ह्या मुलाच्या आंघोळीच्या पाण्याची परीक्षा ज्या कोपरानें केली तें कोपर आहेच. मात्र तें कोपर घरांतल्या निरोगी, तरुण माणसाचें असावें.

पाण्यांत पहिल्या दिवशीं दहा मिनिटें पुरेत, फार तर पंधरा. ऊन पाण्यानें अंगावरच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. एकदम उठलें कीं डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि कुंडाच्या पायऱ्या नेहमींच शेवाळलेल्या असतात. म्हणून उठण्यापूर्वीं मिनिटभर पायरीवर बसावें. जेवणानंतर लगेच किंवा एकट्यानें उतरूं नये. हृदयविकार, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधीं आपल्या डॉक्टरांना विचारावें. तीर्थ म्हणून हें पाणी पोटांत घेण्याची चाल आहे. पण कांहीं झऱ्यांत क्षार आणि फ्लोराइड पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षां अधिक असतात, तेव्हां डोळ्यांना लावून सोडावें. आणखी एक गोष्ट मुलांसाठीं. कोमट, सांचलेल्या पाण्यांत एक सूक्ष्म अमीबा वाढूं शकतो. नाकावाटे पाणी आंत गेल्यास तो मेंदूपर्यंत पोहोंचतो, आणि त्यानें होणारा रोग बहुधा प्राणघातक असतो. केरळांत २०२४ सालीं त्याचे अनेक रुग्ण आढळले. रोग फार विरळा आहे. परंतु टाळण्यास कांहीं खर्च नाहीं. डोकें पाण्याखालीं घालूं नये, सूर मारूं नये, एवढेंच.

'मग जाण्यांत लाभ तरी काय?' असें कोणी विचारील. लाभ आहे. ऊन पाण्यांत शरीराचा भार हलका होतो, स्नायू सैल पडतात, धरलेला सांधा कांहीं वेळ मोकळा हलतो. झिजलेली गादी मात्र पुनः भरून येत नाहीं. कोणी 'सात स्नानांत गुडघे नवे' असें सांगूं लागला तर त्याचें ऐकून घ्यावें, आणि चालू असलेलें औषध बंद करूं नये.

आतां वाटा. उनपदेवास येथून फुलंब्री, सिल्लोड, अजिंठ्याचा घाट आणि पहूर यांवरून जळगांव गांठावें. तें सुमारें एकशें साठ किलोमीटर आहे. पुढें तापी ओलांडून धानोरा आणि अडावद. तरुण माणसें हें एका दिवसांत जाऊन येतात. ज्यांच्यासाठीं जावयाचें त्यांना तसें नेऊं नये. पांच तास वांकवून बसविलेला गुडघा पाण्यानें जेवढा सुटेल, तेवढा परतीच्या वाटेंत पुनः धरेल. जळगांवीं मुक्काम करावा आणि सकाळीं लौकर, गर्दीपूर्वीं, झऱ्यावर पोहोंचावें. यात्रेचे दिवस आणि रविवार टाळावे.

उनकेश्वरास जाणें आगगाडीनें सुखाचें. मुंबईहून येणारी नंदिग्राम एक्स्प्रेस आपल्या शहरावरून नांदेडमार्गें किनवटला जाते. पुढची वाट सडकेची. बहुतेक मंडळी त्याच फेरींत माहूरची रेणुकामाताही करतात. करावी, पण वेगळ्या दिवशीं. माहूरगडाच्या पायऱ्या आणि कुंडाच्या पायऱ्या एकाच गुडघ्यावर एकाच दिवशीं लादूं नयेत. मुंबईकडे आप्त असतील तर वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी तानसा नदीच्या कांठीं एकमेकांजवळ आहेत. वसईच्या विजयानंतर, १७३९ सालीं, चिमाजीअप्पांनीं नवसाप्रमाणें वज्रेश्वरीचें देऊळ बांधविलें.

हिमालयाची हौस असेल त्यांना मणिकर्ण आहे. आपल्याच स्टेशनावरून जाणारी नांदेडची सचखंड एक्स्प्रेस अंबाल्यास सोडते. तेथून मंडी, भुंतर आणि पार्वती नदीची दरी. गांव समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसतराशें मीटर उंचीवर आहे. तितक्या उंचीवर पाणी शंभर अंशांस न उकळतां सुमारें चौऱ्याण्णवांसच उकळतें, आणि तेथला झरा उकळीच्या अगदीं जवळ असतो. फडक्यांत तांदूळ बांधून पाण्यांत सोडतात आणि भात शिजतो; गुरुद्वाऱ्याच्या लंगरालाही तें पाणी उपयोगी पडतें. ज्या पाण्यांत भात शिजतो त्यांत काय बुडवावें आणि काय बुडवूं नये, हें मी निराळें सांगत नाहीं. स्नानाचीं निवविलेलीं कुंडें तेथें वेगळीं आहेत. आषाढ-श्रावणांत त्या बाजूस जाऊं नये; जुलै २०२३ मध्यें कुलूच्या बाजूस पुरानें रस्ते वाहून नेले होते.

आक्काचें सांगावयाचें राहिलें. पाय बरा झाल्यावर ती पुनः कुंडावर जाण्याचा हट्ट धरील असें मला वाटलें नव्हतें. २०१९ च्या पौषांत तिनें तो धरला. या वेळीं यादींत दोनच नव्या बाबी होत्या: एक प्लास्टिकची बादली आणि एक तापमापक. झऱ्याचें पाणी बादलींत आणून खोलीवरच निवूं दिलें. आक्का पाटावर बसली, गुडघ्यांवर पंचा, आणि मी तांब्यानें पाणी घालूं लागलों. लहानपणीं तिनेंच मला पाढे शिकविले होते; त्यामुळें आंकड्यांच्या बाबतींत ती माझ्यावर विश्वास ठेवीत नाहीं.

"किती आहे?"

"अडतीस."

"चाळीसपर्यंत चालतें म्हणालास ना? मग वाढव."

मीं एकोणचाळीस केलें. दुपारभर तिचे गुडघे हलके होते. दिवेलागणीस ते पुनः धरले. पाय मात्र मीं स्वतः कंदिलाइतका जवळ दिवा धरून, एकेक बोट वेगळें करून पाहिले. "आतां पुढच्या वर्षीं," ती म्हणाली, आणि दोरीवरचें लुगडें नाकाशीं नेऊन त्याला गंधकाचा वास येतो का तें पाहूं लागली.